धुण्याच्या पाण्यातला साबण विजेने काढायला गेलो आणि पाणी पिवळं झालं. काय चुकलं?

मोगरा_इंदूर:

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात तळमजल्यावर राहतो. मागे थोडी जागा आहे. तिथे एक लिंबाचं झाड, मोगऱ्याच्या पाच कुंड्या, तगर आणि भिंतीलगत कढीलिंब आहे. नळ एक दिवसाआड येतो. १९७८ साली नर्मदेचं पाणी इंदुरात आलं तेव्हा मी शाळेत होते, हंड्यांच्या रांगा मला आठवतात. जलूदहून सत्तर किलोमीटर पंपाने चढवून आणलेलं हे पाणी एकदा कपडे धुऊन मोरीत जाताना मला बघवत नाही.

आमचं मशीन सेमी ऑटोमॅटिक आहे. एका धुण्याला साधारण चाळीस लिटर पाणी आणि साठ ग्रॅम पावडर लागते. ते पाणी दोन उन्हाळे मी सरळ लिंबाला घातलं. पानांच्या कडा करपल्या, आळ्यात पांढरी खपली धरली आणि पाणी मुरेनासंच झालं, वर तळं साचून राहायचं.

माझा भाचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करतोय. तो म्हणाला, मावशी, पाण्यातला साबण विजेने काढता येतो. त्याने वीस लिटरच्या रंगाच्या रिकाम्या बादलीत अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या बोटभर अंतर ठेवून उभ्या केल्या आणि बॅटरी चार्जरच्या बारा व्होल्टवर जोडल्या. मीटरवर चार अँपिअर. मी स्टूल घेऊन शेजारीच बसले होते. मायनसच्या पट्टीवरून पिठासारखे बारीक बुडबुडे वर येऊ लागले. पाच-सात मिनिटांत पाणी नासलेल्या दुधासारखं फाटलं, करडे-पांढरे कण सुटे झाले आणि बुडबुड्यांबरोबर वर येऊन त्यांची जाड साय धरली. अर्ध्या तासाने बंद केलं, साय झाऱ्याने काढली, रात्रभर निवळू दिलं आणि सकाळी धोतराच्या फडक्यातून गाळलं. बाटलीत भरून जोरात हलवलं तर कडेला फेसाची पातळ चकती आली आणि लगेच विरली. मला इतका आनंद झाला की शेजारणीला बोलावून दाखवलं.

पुढचं मात्र बिघडलं. आठ-दहा वेळा वापरल्यावर पट्ट्यांना खड्डे पडले, वर पांढरा थर बसला आणि करंट दोनवर आला. भाच्याने त्याऐवजी जुन्या स्टीलच्या ताटाच्या पट्ट्या कापून लावल्या, स्टील झिजणार नाही म्हणून. करंट वाढावा म्हणून मूठभर मीठही टाकलं. या वेळी तपकिरी गाळ खाली बसला, पण वरचं पाणी पिवळं राहिलं. गढूळ नाही, सरबतासारखं पारदर्शक पिवळं. ब्लीचिंग पावडरसारखा वास. मी थांबवेपर्यंत त्याने एक मग तगरीला घातला होता. आणि त्याच दिवशी, चार्जर चालू असताना चिमटा काढला तर फटाका वाजावा तसा आवाज होऊन साय उडाली. सुदैवाने लागलं कुणाला नाही.

तर पाणी पिवळं का झालं? बादलीभर अजून तसंच झाकून ठेवलंय, त्याचं काय करू? आणि अॅल्युमिनियमने साफ केलेलं पाणी तरी झाडांना चालेल का?

जुना_प्लेटर:

ताई, सगळ्यात आधी: त्या बादलीला हात लावू नका. मोरीत ओतू नका, झाडाला घालू नका, घरात लहान मूल असेल तर बादली खोलीत ठेवून कुलूप लावा.

मी सांवेर रोडला एकतीस वर्षं क्रोम प्लेटिंग केलं आहे. स्टेनलेस म्हणजे लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम. प्लसच्या बाजूला स्टील लावलं की लोखंडाबरोबर ते क्रोमियमही पाण्यात उतरतं, आणि मिठामुळे ताटाला पडणारी भोकं आणखी वाढतात. लोखंड तपकिरी होऊन तळाला बसतं. पण क्रोमियम तिथे षट्संयुजी होऊन उतरलं, म्हणजे त्याच्या विषारी रूपात, आम्ही शॉपवर ज्याला हेक्स क्रोम म्हणतो, तर ते तळाला बसत नाही. ते विरघळूनच राहतं आणि पाण्याला तुम्ही लिहिलाय तोच नितळ पिवळा रंग देतं. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. डोळ्यांना पिवळं दिसायला लागलं म्हणजे आपण तिच्या कितीतरी पट वर आहोत.

मी घाबरवत नाही, पाहिलंय ते सांगतो. माझ्या पहिल्या शॉपवर टाकीवरची वाफ ओढणारा पंखा वर्षभर बंद होता, मालक आज करतो उद्या करतो म्हणत राहिला. माझ्याबरोबर टाकीवर उभा राहणाऱ्या माणसाच्या नाकातल्या पडद्याला आरपार भोक पडलं. हाताला जरा खरचटलं की तिथे क्रोमची जखम व्हायची, गोल, खोल, महिना-महिना न भरणारी. तुमच्या बादलीत टाकीइतकं क्रोम नाही, अगदी कमी आहे. पण ती वस्तू घरात मुद्दाम तयार करायची नाही.

हातमोजे घालून ते पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर चिठ्ठी लावा. रविवारी मी येतो. ओळखीच्या शॉपवर सांडपाण्याची टाकी आहे, तिथे रोज हेच काम चालतं: हिराकस (लोखंडाचं एक मीठ) टाकून षट्संयुजीचं कमी विषारी त्रिसंयुजी करायचं आणि चुन्याने खाली बसवायचं. तगरीच्या कुंडीतली वरची चार बोटं माती काढून पिशवीत बांधून ठेवा. खालच्या मातीतलं शेणखत, पालापाचोळा उरलेलं थोडंफार क्रोम हळूहळू निरुपद्रवी करतो, त्यामुळे झाड उपटायची गरज नाही.

भाच्याला रागावू नका. स्टील गंजत नाही हे आपण सगळे घोकतो, पण प्लसला जोडल्यावर काय होतं ते कुणी शिकवत नाही.

मोगरा_इंदूर:

काका, वाचून हात गार पडले. कॅनमध्ये भरलं, हातमोजे घालून. कॅन गच्चीवरच्या खोलीत कुलपात आहे. तुळशीला त्यातलं काहीच घातलेलं नाही, हे देवाचेच उपकार. रविवारी नक्की या, जेवायलाच या.

अॅनोड:

प्लेटर काकांचं पहिलं ऐका, मग माझं. मी एका कारखान्याच्या सांडपाणी विभागात काम करतो, तिथे याच तत्त्वाचं युनिट चालतं. विजेने साकळवणं, इलेक्ट्रोकोअॅग्युलेशन म्हणतात याला.

तुमच्या भाच्याची मूळ कल्पना अगदी बरोबर आहे आणि तुम्ही जे पाहिलंत तेही. प्लसच्या पट्टीतून अॅल्युमिनियम पाण्यात उतरतं, पाण्याशी मिळून त्याचा जेलीसारखा हायड्रॉक्साइड होतो. पावडरीतला फेस करणारा मुख्य घटक, लिनिअर अल्किलबेंझिन सल्फोनेट, ऋण भाराचा असतो. तो, कपड्यांचा मळ आणि तेलकटपणा त्या जेलीला चिकटतात. मायनसच्या पट्टीवरचे बुडबुडे हायड्रोजनचे. ते गुठळ्यांना धरून वर आणतात, तीच तुमची साय.

आणि तोच तुमचा फटाका. चार अँपिअरवर अर्धा तास म्हणजे दोन अँपिअर-तास, त्यात जवळपास लिटरभर हायड्रोजन सुटतो. उघड्या जागी तो उडून जातो, पण फेसात अडकून बसतो. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते, आणि चालू चार्जरचा चिमटा काढला की ठिणगी पडतेच. आधी भिंतीवरचं बटण बंद, मग चिमटे. मोरीत किंवा बंद बाथरूममध्ये हे कधीही करू नका. चार्जर ट्रान्सफॉर्मरवाला हवा, घरात विजेची गळती झाली की आपोआप बंद पडणारा स्विच हवा.

आता हिशेब. एक अँपिअर-तासाला ०.३३६ ग्रॅम अॅल्युमिनियम विरघळतं. फॅरेडेचा नियम, १८३० च्या दशकातला, अजून तोच चालतो. म्हणजे तुमच्या अर्ध्या तासात ०.६७ ग्रॅम, वीस लिटरला वाटलं तर लिटरला साधारण ३४ मिलिग्रॅम. वीज किती? चोवीस वॉट-तास. विजेच्या बिलात दिसणारही नाही.

पट्ट्यांवर थर बसतो कारण अॅल्युमिनियमवर ऑक्साइड धरतं आणि मायनसच्या बाजूला पाण्यातला चुना जमतो. दोन्ही पट्ट्या अॅल्युमिनियमच्याच ठेवा आणि दर दहा मिनिटांनी प्लस-मायनस उलटा करा, अर्थात बटण बंद करून. मीठ नको. धुण्याचं पाणी आधीच खारट असतं, करंट आपोआप वाहतो.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. धुण्याच्या पाण्याचा पीएच सोड्यामुळे दहाच्या आसपास असतो, आणि एवढ्या अल्कधर्मी पाण्यात ही जेली पुन्हा विरघळते. सात-साडेसातवर आणा. पण लिंबूसत किंवा चिंच वापरू नका, ती अॅल्युमिनियमला धरून ठेवतात आणि गुठळ्या होऊ देत नाहीत. पांढरं व्हिनेगर चालेल. तुरटी त्याहून बरी, ती स्वतः आम्लधर्मी असून गुठळ्याही करते.

खरं तर तुरटीचा एक प्रयोग करून बघाच. तुमच्या ०.६७ ग्रॅमइतकं अॅल्युमिनियम साधारण बारा ग्रॅम तुरटीत असतं. एका बादलीत वीज, दुसरीत बारा ग्रॅम तुरटी, पाणी एकाच धुण्याचं. दोन्हींचा फेस ताडून बघा.

कारखान्यांत याच्या पुढची पायरी असते, विजेने साबणाचा रेणूच जाळायचा. त्याला टायटॅनियमवर रुथेनियम-इरिडियमच्या ऑक्साइडचा मुलामा दिलेल्या किंवा बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याच्या पट्ट्या लागतात. पाण्यात मीठ असेल तर तिथे क्लोरीन तयार होतो आणि साबणाबरोबर त्याची नको ती संयुगंही बनतात. घरात त्या वाटेला जाऊ नये.

देवासकर:

एक शंका. घर ड्रेनेज लाइनला जोडलेलं असेल तर एवढा खटाटोप कशाला? इंदूर तर २०२१ सालीच देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारं शहर, जाहीर झालं.

अॅनोड:

बरोबर आहे. पाणी शुद्धीकरण केंद्रात जात असेल तर नदीसाठी घरी काही करायची गरज नाही. हवा मिळाली की जिवाणू हा साबण चांगला फस्त करतात. पूर्वीचा फांद्याफांद्यांच्या रेणूचा साबण त्यांना पचायचा नाही, तेव्हा युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे डोंगर उठायचे. म्हणून १९६० च्या दशकात तिकडच्या कारखान्यांनी सरळ साखळीचा रेणू आणला. पण हवा नसली की तोही पचत नाही. सेप्टिक टँकमध्ये तो जवळजवळ तसाच राहतो. तुमच्याकडे ड्रेनेज नसून शोषखड्डा असेल, तर विहीर-बोअरजवळ हा विषय गंभीर आहे. ताईंचा हेतू वेगळा आहे, त्यांना पाणी परत वापरायचंय.

काळी_माती:

मोगराताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही, आणि माझ्या मते तोच खरा आहे. मी शेतीखात्यातून निवृत्त झालो, माळव्याच्या काळ्या मातीत आयुष्य गेलं.

फेस गेला म्हणजे साबणाचं सगळं गेलं, असं समजू नका. साठ ग्रॅम पावडरीत फेसाचा घटक साधारण दहा ते वीस टक्के असतो. बाकी बहुतेक धुण्याचा सोडा आणि सोडियम सल्फेट. ही विरघळलेली मिठं, त्यांना गुठळी धरत नाही. म्हणजे विजेने फार तर दहा-बारा ग्रॅम निघतात, आणि अंदाजे पंधरा ग्रॅम निव्वळ सोडियम दर धुण्याला पाण्यात तसंच उरतं. तुमच्या घरी आरओवाल्याने दिलेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर आधी आणि नंतर बुडवून बघा.

आपली माती चिकण आहे, ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्या कणांना कॅल्शियम जोडून ठेवतं. सोडियम आलं की कण सुटे होतात. यातली फसवी गोष्ट अशी, की पाणी खारट आहे तोवर माती बरी वाटते. मग पहिला पाऊस पडतो, खारटपणा धुतला जातो आणि सुटलेले कण छिद्रात जाऊन बसतात. वर तुम्ही लिहिलंय तसं तळं साचतं. लिंबू तर क्षारांच्या बाबतीत फार नाजूक झाड.

उपाय सांगतो. पहिल्या धुण्याचं पाणी झाडाला नकोच, ते विजेने साफ केलं तरी नको. तुमचं मशीन सेमी आहे हे चांगलं, दुसऱ्या विसळणीचं पाणी वेगळं धरा. तेही सलग न घालता एकदा ते, एकदा नळाचं. पावडरीऐवजी लिक्विड वापरलंत तर त्यात भरीचं मीठ बरंच कमी. आळ्यात मूठ-दोन मुठी जिप्सम मिसळा आणि पावसात भरपूर पाणी मुरू द्या, कॅल्शियम सोडियमला हुसकावतं आणि पाणी त्याला खाली नेतं. वर चांगलं कुजलेलं कंपोस्ट घाला. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथेच, आपल्या इंदूरच्या संस्थेत होते आणि त्यांची कंपोस्टची पद्धत जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. आपल्याच गावची विद्या आहे, ती आपल्या अंगणात असायला हवी.

मोगरा_इंदूर:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

प्लेटर काका रविवारी आले, भाच्याला बरोबर घेऊन कॅन शॉपवर नेला. तिथल्या माणसाने थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन आम्ल आणि तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकले, तर जांभळं झालं. म्हणजे षट्संयुजीच. मग हिराकस टाकताना पिवळा रंग जाऊन हिरवट गढूळ झाला आणि चुन्याने खाली बसला, हे भाच्याने उभं राहून पाहिलं. घरी येऊन त्याने पहिल्यांदा काय केलं असेल, तर स्टीलच्या उरलेल्या पट्ट्या सुतळीने बांधून भंगारात दिल्या.

आता दोन बादल्यांची गोष्ट. एकाच धुण्याचं पाणी, वीस-वीस लिटर. दोन्हींचा पीएच व्हिनेगरने सारखाच साडेसातवर आणला, पट्टीचा कागद लावून. एकीत वीज, एकीत बारा ग्रॅम तुरटी कुटून. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाणी डोळ्यांना सारखंच नितळ. पण बाटल्या हलवल्या तर तुरटीच्या बाटलीत दोन बोटं फेस आला आणि बराच वेळ राहिला. विजेच्या बाटलीत पातळ चकती. साय वर येण्याचाच हा फरक असावा, कारण तुरटीच्या बादलीत सगळं खालीच बसलं होतं, वर काही नव्हतं.

टीडीएस मात्र काळी माती काकांनी सांगितलं तसंच. नळाचं लिटरला २४० मिलिग्रॅम, धुण्याचं १,६१०, वीज लावून गाळल्यावर १,५२०. तो आकडा बघून मी मीटर पुसून पुन्हा बुडवला. इतकं काचेसारखं पाणी, आणि लिंबाला नकोसं असलेलं सगळं त्यात तसंच. दुसऱ्या विसळणीचं निघालं ३७०, काहीही न करता.

त्यामुळे आता व्यवस्था अशी आहे. पहिलं पाणी वीज लावून निवळलं की संडासच्या टाकीला आणि ओटा-जिना धुवायला. त्याला वास येत नाही, टाकीत शेवाळी थरही धरलेला नाही. दुसरं विसळणीचं पाणी मोगऱ्याला आणि लिंबाला, एक आड एक. आळ्यात जिप्सम घातलंय. सायीचा गाळ पसरट टोपलीत वाळवून कचऱ्याच्या गाडीत घातक कचऱ्याच्या कप्प्यात देते. गाडीवरच्या मुलाला सांगून देते, तो विचारतो काय आहे ते.

एक गोष्ट अॅनोड यांना विचारायची आहे. नव्या पट्ट्या लावण्याआधी भाच्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही तोलून ठेवल्या होत्या. दहा वेळा वापरून, धुऊन, वाळवून पुन्हा तोलल्या. तुमच्या हिशेबाने ६.७ ग्रॅम कमी व्हायला हवे होते. दोन्ही मिळून ९ ग्रॅम कमी झाले. करंट चारच होता, वेळ मोबाइलवर लावली होती. हिशेब कुठे चुकला?

अॅनोड:

चुकला नाही, भाच्याला शाबासकी द्या. फॅरेडेचा हिशेब फक्त प्लसच्या पट्टीचा. मायनसच्या पट्टीजवळ हायड्रोजन सुटताना पाणी फार अल्कधर्मी होतं आणि तिथलं अॅल्युमिनियम विजेशिवायही, नुसतं रसायनाने विरघळतं. वरचे दोन-सव्वादोन ग्रॅम त्यातले. म्हणजे तुम्हाला लिटरला ३४ नाही, ४५ मिलिग्रॅम मिळतंय. अर्ध्या तासाऐवजी तेवीस-चोवीस मिनिटं चालवून बघा, फेसाची चकती तेवढीच राहिली तर पट्ट्या जास्त टिकतील. पट्टी एक मिलिमीटरपेक्षा पातळ झाली की बदला. तुकडा तुटून दुसऱ्या पट्टीला टेकला तर शॉर्ट होईल.